राजाच्या हौदातला समुद्र

घाटमाथ्यावरच्या एका गावात खेलोजी नावाचा राजा राहत होता. राज्य त्याचं इवलंसं. या टेकडीवरून हाक मारली की त्या टेकडीवरच्या सीमेवर ऐकू जायची. राजा मनानं मोठा दिलदार, पण स्वभावानं भलताच उतावळा. खीर उकळायला लागली की वाटी घेऊन चुलीपाशी उभा राहणारा.

त्याच्या घराण्यात एक रीत होती. शिळं पाणी कुणालाही द्यायचं नाही, माणसाला नाही आणि बैलालाही नाही. रोज पहाटे राजवाड्यातले हंडे, घागरी, रांजण सगळे पालथे व्हायचे, घासूनपुसून ताज्या पाण्यानं भरले जायचे आणि मगच चूल पेटायची. बहिरू पाणक्या रोज येऊन विचारायचा, "महाराज, पाणी बदलू?" आणि राजा म्हणायचा, "हे काय विचारणं झालं?"

राणी वेणूबाई मात्र समुद्रकाठच्या बंदरातली. सासर तिला आवडलं होतं, पण संध्याकाळ झाली की ती गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे बघत बसायची. तिकडे डोंगरामागे डोंगर, दुसरं काही नाही. राजाला ते बघवेना. त्यानं ठरवलं, राणीला समुद्राकडे जाता येत नाही ना, मग समुद्रच वर आणू!

चौकात काळ्या दगडाचा हौद बांधला. बैलांच्या पाठीवर पखाली लादून खाऱ्या पाण्यानं घाट चढला. पाणी हलतं राहावं म्हणून एक लाकडी चाक बसवलं. वेणूबाईच्या माहेराहून प्रवाळाचे खडक आले, गोगलगायी आल्या, केशरी रंगाचे दोन मासे आले आणि एक समुद्रफूल आलं. समुद्रफूल म्हणजे झाडाचं फूल नव्हे बरं का, खडकाला चिकटून राहणारा जीवच तो. खुशीत असला की पाकळ्या पसरतो, नाराज झाला की मूठ मिटतो. फूल उमललं, मासे त्याच्या पाकळ्यांत लपाछपी खेळू लागले आणि वेणूबाई इतकी हसली की स्वयंपाकघरातल्या बायका बाहेर आल्या. राजाला तर आभाळ ठेंगणं झालं.

थोड्याच दिवसांत खडकांवर तपकिरी साय धरली. राजा हादरला. "अरे, शिळं पाणी! राणीच्या माहेरच्या पाहुण्यांना मी शिळं पाणी पाजतोय!"

लगेच हौद रिकामा झाला, खडक घासले गेले, खालून नवं पाणी आलं. फुलानं मूठ मिटली. पुन्हा साय धरली, पुन्हा हौद उपसला. मासे कोपऱ्यात जाऊन बसले. राजाला वाटलं, पाणी अजून पुरेसं ताजं नसेल. बैल बिचारे घाट चढून-उतरून टेकीला आले. बहिरू म्हणाला, "महाराज, आता बैलांना शिंगांऐवजी शिंपले फुटतील!"

शेवटी वेणूबाईच म्हणाली, "अहो, पुरे झालं. पौर्णिमेपर्यंत फूल उमललं नाही, तर मी यांना परत समुद्रात सोडून येईन. माझ्या हौसेपायी त्यांचा जीव जायला नको."

ती शांतपणे बोलली, पण राजा धास्तावला. मासे गेले तर राणीचं हसूही जाईल. मग गच्ची, मग ते डोंगर. आता पाणी आणायला आपणच जायचं, सगळ्यांत ताजं, असं ठरवून तो स्वतः बैलगाडीत पखाली टाकून घाट उतरला.

खाली बंदरात त्याच्या सासूबाई खडकांवर कालवं काढायला निघाल्या होत्या. बंदराच्या नाईकाची बायको, पण ते काम त्या दुसऱ्या कुणाला देत नसत. राजा त्यांच्यामागून गेला. खडकाखडकांत पाण्याची डबकी साचलेली. राजानं एकात डोकावलं आणि डोळे विस्फारले. तीच तपकिरी साय! त्यात फुलं मात्र मजेत उमललेली.

"सासूबाई, हे कुणी घासत नाही?"

सासूबाई हसून हसून खडकावरच बसल्या. "जावईबापू, समुद्र एवढा मोठा, पण सगळं पाणी रोज उपसायची हौस त्यालासुद्धा नाही हो!"

एवढ्यात भरती आली. लाट डबक्यात शिरली, थोडं नवं पाणी देऊन गेली, थोडं जुनं घेऊन गेली. बाकीचं तसंच राहिलं. वरच्या खडकातल्या एका डबक्यापर्यंत तर ती पोचलीच नाही.

"आणि त्याला?" राजानं विचारलं.

"त्याला उधाणाला मिळेल. पौर्णिमा-अमावास्येला पाणी तिथवर चढतं." सासूबाईंनी निघताना खाऱ्या पाण्याचे चार रांजण तोंडं बांधून गाडीत ठेवले. "असू द्या, लागतील."

राजा पखाली रिकाम्याच घेऊन परतला आणि ते रांजण चौकाच्या कोपऱ्यात ठेवून दिले. लोक बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी बहिरूनं हौदाकडे बोट दाखवून विचारलं, "महाराज, पाणी बदलू?" राजा म्हणाला, "नाही!" बहिरूच्या हातातली घागरच निसटली.

मग सुरू झाली राजाची खरी परीक्षा. साय दाट झाली. राजाचे हात शिवशिवले. साय हिरवी झाली. राजा हातांवर बसला, अगदी खरोखर हात मांडीखाली घेऊन बसला. मग एके सकाळी गोगलगायी बाहेर पडल्या आणि हिरव्या सायीवर ताव मारू लागल्या. मासे कोपऱ्यातून निघाले. फुलानं एक पाकळी सोडली, मग दुसरी, आणि दुपारपर्यंत ते पुरतं उमललं. वेणूबाईनं टाळ्या वाजवल्या. राजानं गावभर पेढे वाटले आणि हुकूम काढला, "या पाण्याला यापुढे कुणी कधीही हात लावायचा नाही!"

झालं! उतावळेपणा गेला आणि त्याच्या जागी हट्ट येऊन बसला.

पौर्णिमा दोन दिवसांवर आली, तेव्हा पाणी पिवळसर दिसू लागलं. फूल पुन्हा कोमेजलं. वेणूबाईनं माशांना न्यायची मडकी बाहेर काढून ठेवली. त्या मडक्यांकडे बघून राजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण वेणू, मी तर हातच लावला नाही!"

"तेच तर. आधी तुम्ही घराण्याच्या रीतीकडे बघत होतात, आता हुकुमाकडे बघताय. फुलाकडे कधी बघणार?"

राजा हौदाच्या काठावर ओणवा झाला आणि बराच वेळ बघत राहिला. फूल मरगळलेलं, मासे वर येऊन तोंड उघडणारे. त्याला उंचावरचं ते डबकं आठवलं. उधाणाची वाट बघणारं. मग कोपऱ्यातले चार रांजण आठवले.

"बहिरू! माझा हुकूम रद्द!" तो ओरडला, आणि धोतर खोचून स्वतःच पुढे झाला. चार रांजण जुनं पाणी काढलं, चार रांजण नवं हळूहळू सोडलं. बाकीचं तसंच राहू दिलं.

पौर्णिमेच्या सकाळी फूल असं टरारून उमललं की दोन्ही मासे त्यात दिसेनासे झाले. वेणूबाईनं मडकी उचलली आणि त्यांत तुळशी लावल्या.

तेव्हापासून रोज पहाटे बहिरू विचारतो, "महाराज, पाणी बदलू?" राजा हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. "थांब, विचारून येतो," म्हणतो आणि हौदाशी जाऊन बसतो.

तात्पर्य: ज्याच्यावर आपली माया आहे, त्याला काय हवं हे आपल्या सवयीला किंवा हट्टाला विचारू नये. त्याच्याकडेच नीट पाहावं, म्हणजे कधी थांबायचं आणि कधी मदतीला धावायचं ते आपोआप कळतं.