ठकूमाय आणि कळलावीचं मूळ

आंबेदऱ्याला गाडीवाट नव्हती आणि वाघ दिवसाउजेडी ओढ्यावर येत, तेव्हाची ही गोष्ट. गावात ठकूमाय नावाची सुईण होती. पंचक्रोशीतली निम्मी माणसं तिने जगात आणली होती, उरलेली निम्मी तिच्या आईने. असं म्हणतात, की ती नुसती दारात आली तरी आडवं पोर पोटातल्या पोटात वळून डोकं खाली करून बसायचं.

एवढी मोठी बाई, पण घरात शिरायची ती मागल्या दाराने. बाळंतीण अडली की सगळे "माय, माय" करत. बारसं झालं की तिची घोंगडी पुन्हा अंगणाबाहेर. गावाला त्यात काही वावगं वाटत नसे. गावाला असं सहसा वाटत नाहीच.

तिच्याकडे एक औषध होतं. भादव्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते ती कळलावी, तिचं फाळासारखं वाकडं मूळ. कळा देऊन देऊन बाई थकली आणि तरी मूल पुढे सरकेना, तरच ठकूमाय ते सहाणेवर उगाळून तळपायांना लेप लावी. मूल बाहेर येताच लेप धुऊन टाकी. तो राहिला तर कळा थांबत नाहीत आणि बाई रक्ताने रिती होते. ज्याने उगाळलं त्यानेच तो धुवायचा. दुसऱ्याच्या हाताला तो दाद देत नाही, असं म्हणतात. मुळाचा कण मात्र तिने कधी कुणाच्या ओठाला लागू दिला नाही. ते खाऊन एक गाय तिन्हीसांजेपर्यंत तडफडून मेलेली तिने पाहिली होती.

पुढे हैबतराव पाटलाच्या सुनेचे, गोजराचे, दिवस भरले. जोशीबुवांनी पंचांग उघडून सांगितलं, की आज मावळतीला अमावास्या लागते; त्याआधी मूल झालं तर राजयोग, नंतर झालं तर कुळाला भारी. पाटलाला पंचांग चांगलं कळायचं. बाई कळत नव्हती. गोजराला अजून धड कळही आली नव्हती, तरी दुपारीच त्याने ठकूमायला मागल्या दारी बोलावलं आणि लेप लावायला सांगितलं.

"कळ येऊ द्या, पाटील. त्याआधी मी मुळाला हात लावणार नाही."

"मग पोटात दे. पायाला लावून एवढं होतं, तर पोटात घातल्यावर लवकरच होईल की."

"लवकर होईल," ठकूमाय म्हणाली. "मूल यायच्या आधी पोरगी जाईल."

पाटलाने तिला बोलावल्याशिवाय गोठ्यातून हलू नकोस म्हणून सांगितलं. मूळ काय, कुंपणाला होतंच.

ठकूमाय गोठ्यात बसून होती. ऊन कलायच्या आत गोजराची किंकाळी आली, पाठोपाठ पोराचं रडं. मुहूर्त साधला. ओटीवर साखर वाटायला सुरुवात झाली, आणि आत गोजराचं रक्त थांबेना. ठकूमाय बोलावण्याची वाट न बघता धावली. पोरीच्या पायांना घोट्यापर्यंत लेप थापलेला होता. तिने पाण्यावर पाणी ओतलं, घासघास घासलं. लेप हलला नाही. पाटलाच्या बहिणीने रडत सांगितलं, की वाटी उंबऱ्यावर ठेवलेली होती, माय, मला वाटलं तूच ठेवलीस, म्हणून मी लावला.

तेवढ्यात चावडीवरून ठकूमायला हाक आली. पाटील तिथे आधीच पोचला होता आणि सुईणीच्या मुळाने घात केला असं सांगत होता. पाटील धरून सात शहाणे जमले होते. त्यांच्यातल्या एकानेही जन्मात बाळंतीण पाहिलेली नव्हती, त्यामुळे चर्चा फार रंगली. तिकडे पोरगी पांढरी पडत होती आणि इकडे पान जमत होतं. शेवटी ठरलं, की ठकूमायने तेच मूळ सर्वांदेखत खावं, म्हणजे खरं-खोटं होईल.

"खाते," ती म्हणाली. "मेले तर म्हणाल विष दिलं, जगले तर म्हणाल चेटकीण. तुमचं दोन्हीकडून बरंच आहे. पण माझ्याआधी ती मरेल. ज्याने उगाळलं त्याने उठावं. हात दाखवा सगळ्यांनी."

ही कोण आम्हाला हात दाखवायला सांगणारी, म्हणून सातही जणांनी मुठी आवळल्या. पण असं म्हणतात, की पाटलाच्या मुठी आपोआप उघडल्या, आणि दोन्ही तळव्यांवर कळलावीची फुलं फुललेली होती, ज्वाळांसारखी. त्याच क्षणी त्याच्या पोटात कळ उठली. पहिलीने तो वाकला, दुसरीने गुडघ्यावर आला, तिसरीला त्याला आई आठवली.

ठकूमायने त्याला मान दिला नाही, शिवीही दिली नाही. "चला धुवायला. आणि तोंडाने सांगा."

पाटील भिंती धरत धरत घरी गेला. ठकूमाय त्याच्या मागून पुढल्या दाराने आत शिरली. अडवायचं कुणाला सुचलं नाही. सासऱ्याने सुनेचे पाय हातात घेतले. पहिल्यांदा तो पुटपुटला, लेप निघाला नाही. दुसऱ्यांदा घरापुरतं बोलला, तरी नाही. तिसऱ्यांदा तो "मी उगाळलं" असं ओरडला ते वेशीपर्यंत गेलं, आणि पाणी लाल-पिवळं होऊन वाहिलं. पाटलाची कळ गेली. गोजराचं रक्त थांबलं.

नंतर देवळाच्या पायरीवर पाटलाचं नाव कोरलं गेलं, कारण पायरी त्याने बांधली. ठकूमायचं नाव कशावरच नाही. पुढल्या भादव्यात ती फुलांकडे गेली ती परत आली नाही, एवढंच सांगतात.

आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात, आणि कळलावीला कुणी हात लावत नाही. तरी भादव्यात ती फुलली, की त्या वर्षी बाळंत झालेल्या सुना कुंपणापाशी ठकूमायचा म्हणून दाखवतात त्या बिननावाच्या दगडावर बसतात, आणि सासरे त्यांचे पाय धुतात. धुताना प्रत्येकाला मोठ्याने म्हणावं लागतं, "मी उगाळलं." मागे एक शिकलेले सासरे अडून बसले होते, की मी काहीच केलेलं नाही, मी का म्हणू. तांब्या धरून उभी असलेली म्हातारी म्हणाली, "त्या दिवशी चावडीवर बसलेले सहा जणही हेच म्हणत होते, बाबा. वाक खाली."

ते वाकले.