ठमीच्या पेन्सिलीचं टोक

बागेच्या कोपऱ्यात एक दगड. दगडाखाली एक बीळ. बिळात कोण? ठमी चिचुंद्री! नाक लांब, शेपूट लांब, बाकी सगळी चिमूटभर.

ठमीकडे एक पेन्सिल होती. कुणीतरी वापरून वापरून टाकून दिलेली. एवढीशी, पिटुकली! ठमीला ती अगदी मापाची झाली.

त्या पेन्सिलीने ठमी रोज एक ओळ लिहायची. कुठे? बिळाच्या भिंतीवर. कधी? सूर्य बुडायच्या आत. काय? जे होईल ते. आज पेरू खाल्ला. आज आई रागावली. आज काहीच नाही झालं. छोटीशीच ओळ. पण रोज म्हणजे रोज!

संध्याकाळी आई घरी यायची. आली की विचारायची, "ठमे, आजची ओळ वाच बघू!"

ठमी वाचायची. आई म्हणायची, "शाब्बास गं माझी बाय! आज राहिली की उद्याही राहते. राहू द्यायची नाही हं!"

आणि एक दिवस काय झालं? ठमीने पेन्सिल भिंतीला टेकवली आणि...

कट्!

टोक मोडलं! ठमीने दातांनी कुरतडून पाहिलं. पण तिचे दात दुधाचे. छे, काही होईना! बाहेर बघते तर काय, सूर्य माडाच्या शेंड्यावर आलेला.

पेन्सिल काखेत मारली आणि निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

वाटेत भेटला उंदीरमामा. मामाचे दात कसे? पांढरे पांढरे, धारदार!

"मामा, मामा, टोक काढून दे ना!
टोक मोडलं,
ओळ माझी होईना,
सूर्य काही थांबेना!"

मामाने पोटावरून हात फिरवला. "अगं, उपाशीपोटी कुठे दात चालतात? आधी खोबरं, मग टोक!"

घ्या! निघाली ठमी. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

पुढे उभे माडआजोबा. उंचच उंच! डोक्यावर नारळच नारळ!

"आजोबा, आजोबा, खोबरं द्या ना!
मामा टोक काढेना,
ओळ माझी होईना,
सूर्य काही थांबेना!"

आजोबा डुलत डुलत म्हणाले, "पोरी, घसा सुकला माझा. मुळाशी थेंब नाही. आधी पाणी, मग खोबरं!"

सूर्य घसरला. आला आजोबांच्या कमरेशी. पळाली ठमी. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

बागेत होता पाण्याचा पाट. विहिरीचं पाणी त्यातून माडाकडे जायचं.

"पाटदादा, पाटदादा, पाणी सोड ना!
आजोबा खोबरं देईनात,
मामा टोक काढेना,
ओळ माझी होईना,
सूर्य काही थांबेना!"

पाट म्हणाला, "गुळ्ळ गुळ्ळ!" बोलणार कसा? तोंडात ही सगळी वाळलेली पानं! हा एवढा पातेरा! कसंबसं म्हणाला, "आधी पातेरा काढ, मग पाणी!"

ठमीने एक पान धरलं. फणसाचं. ओढलं, ओढलं, ओढलं... आणि स्वतःच मागे पडली. बुद्दुक!

उठली, शेपूट झटकली, निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

कुंपणाशी बसली होती कोंबडीकाकू. काकूचे पाय म्हणजे पाय! एकदा उकरायला लागली की बघायलाच नको!

"काकू, काकू, पातेरा उकर ना!
पाट पाणी सोडेना,
आजोबा खोबरं देईनात,
मामा टोक काढेना,
ओळ माझी होईना,
सूर्य काही थांबेना!"

काकू म्हणाली, "उकरलं असतं गं. पण हे माझं पिल्लू! मी उठले की भोकाड पसरतं. आधी पिल्लू गप्प, मग पातेरा!"

पंखाखालून एक पिवळं डोकं आलं बाहेर. चिंव चिंव! चिंव चिंव! बाई बाई, काय तो आवाज!

"पिल्लू, पिल्लू, गप्प हो ना!
काकू पातेरा उकरेना,
पाट पाणी सोडेना,
आजोबा खोबरं देईनात,
मामा टोक काढेना,
ओळ माझी होईना,
सूर्य काही थांबेना!"

पिल्लू म्हणालं, "तू रोज ओळ लिहितेस ना? मला पण पाहिजे! माझी! आधी ओळ, मग गप्प!"

"अरे, पण लिहू कशाने?" ठमी म्हणाली. "टोकच नाही ना रे!"

आणि मग काय! ठमीला रडूच फुटलं. ठमीचं भ्यां भ्यां, पिल्लाचं चिंव चिंव. सूर्य आला कुंपणावर.

रडता रडता पिल्लू थांबलं. "पण माझी आई तर रोज लिहिते. तिच्याकडे कुठे आहे पेन्सिल?"

"मी? मी कधी लिहिलं?" काकू म्हणाली.

"ते काय!" पिल्लाने चोच पुढे केली.

अंगणात मऊ मऊ लाल माती. मातीत काकूच्या पायांचे ठसे. इकडून तिकडे, तिकडून इकडे, ओळीच्या ओळी!

"इश्श! ते माझे पाय उमटलेत," काकू म्हणाली.

ठमीने ठसे पाहिले. मग आपला पंजा पाहिला. पंजाला नख. नखाला टोक! आणि ते मोडलेलं नव्हतं!

ठमी बसली खाली. नख टेकवलं मातीत. सर्र सर्र, सर्र सर्र.

"वाच, वाच!" पिल्लू म्हणालं.

ठमीने वाचलं, "पिल्लू पिवळं पिवळं. पिल्लाचा आवाज मोठ्ठा!"

"मी! मी! ते मी आहे!" पिल्लू हसलं. खी खी खी! ओळीभोवती नाचलं. आणि गप्प? अगदी गप्प!

मग काकू उठली. फर्र फर्र, पातेरा उडाला!
पाट हसला. झुळ झुळ, पाणी निघालं!
आजोबा पाणी प्यायले. धप्प! नारळ पडला, फुटला!
मामाने खोबरं खाल्लं. कुरुम कुरुम!
मग पेन्सिल घेतली दातांत. कर्र कर्र, कर्र कर्र.
निघालं टोक! कसं? काट्यासारखं!

"येते हं मामा, थँक्यू!" ठमी सुटली. सुळुकसुळुकसुळुकसुळुक! घरात शिरली. सूर्य उरला होता एवढासा, ठमीच्या नखाएवढा.

ठमी लिहायला लागली. भिंत भरली. ती दुसऱ्या भिंतीवर गेली. तीही भरली. ओळ गेली दारावर. दारावरून वळली आणि परत आत आली! शेवटचं अक्षर झालं आणि सूर्य बुडाला. बुडुक!

आई घरी आली. "ठमे, आजची ओळ वाच बघू!"

ठमी वाचायला लागली. वाचता वाचता बिळाला आख्खी फेरी मारली.

"पिल्लू हसलं,
काकूने पातेरा उकरला,
पाटाने पाणी सोडलं,
आजोबांनी खोबरं दिलं,
मामाने टोक काढलं,
ओळ माझी झाली,
सूर्य बुडाला तर बुडू दे!"

"अगंबाई!" आई हसत सुटली. "ही ओळ आहे की शेपूट?" मग तिने पेन्सिल उचलली. पाहते तर काय, एवढी मोठी ओळ लिहून टोक गुळगुळीत! "गेलं की गं टोक पुन्हा! उद्या काय करशील?"

ठमीने पंजा वर केला. एक नख नाचवलं.

"उद्या? उद्या अंगणात लिहीन, नखाने. पण लिहीन!"

आईने तिला उचललं आणि तिच्या लांब नाकाचा गोड गोड पापा घेतला.

ठमीची ओळ झाली लिहून,
आपली गोष्ट झाली सांगून!