शंभरात ब्याण्णव गुणांची वेस

त्या राज्यात प्रत्येक शिक्षकाला आपल्या वर्गापुढे एक वेस उभी करावी लागे. मुले रोज वर्गात येतच असे नव्हे. कुणाला बीळ उकरताना आईला मदत करावी लागे, कुणाच्या घरी अंडी राखायला दुसरे कोणी नसे, कुणी नुसतेच झोपून राही. म्हणून वेशीत पाने लावलेली असत. आज काय शिकवले, काल काय शिकवले, उद्या येताना काय आणायचे, ते सगळे त्या पानांवर. ज्याचा वर्ग बुडाला त्याने वेशीत यावे, आपले पान घ्यावे आणि घरी जाऊन वाचावे. वेशीचा उपयोग एवढाच होता.

नदीकाठच्या वर्गाला टिटवी शिकवी. ती वयाने लहान आणि आवाजाने मोठी होती आणि कुठलीही गोष्ट उद्यावर टाकलेली तिला खपत नसे. पहिली वेस तिने एका दिवसात उभी केली. दोन बांबू, वर आडवी फुलांची वेल, वेलीला लटकणारी पाने. चार पावले मागे जाऊन तिने ती पाहिली आणि तिला ती फार देखणी वाटली. मग ती झुडपामागे जाऊन बसली. कोण कसे येते ते तिला बघायचे होते.

पहिली आली बारकी. बारकी ही चिचुंद्रीची पोर. दिवसा तिला हातभर अंतरावरचेही धड दिसत नसे. जग ती नाकाने वाचायची. ती वेशीखालून गेली, परत आली, पुन्हा गेली. पाने टिटवीच्या उंचीवर लावलेली होती. आपले पाय लांब आहेत ही गोष्ट टिटवीला त्या दिवशी प्रथमच कळली. बारकी एका बांबूला टेकून वाट पाहत बसली. बऱ्याच वेळाने एक ससा आला.

"ए, आजचं पान कुठं लावलंय रे?" बारकीने विचारले.

"डोळ्यांसमोर तर आहे की, नाकाडे!" ससा म्हणाला आणि आपले पान ओढून उड्या मारत निघून गेला.

टिटवी झुडपामागून बाहेर आली नाही. पण दुसऱ्या दिवशी पाने खाली आलेली होती. तिसऱ्या दिवशी वेल गेली, कारण तिच्यात खारीची शेपटी अडकत होती. मग आजच्या पानाला गवती चहा चोळलेला असे, कालच्या पानाला ओवा, उद्याच्या पानाला पुदिना. मग आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वाट एका सरळ रेषेत आली. असे महिनाभर चालले. टिटवी रोज झुडपामागे बसे आणि रोज काहीतरी काढून टाकी. शेवटी वेस इतकी साधी झाली की लांबून पाहणाऱ्याला ती वेस आहे हेही कळले नसते.

एके दिवशी बारकी पान तोंडात धरून निघाली होती, ती थांबली. पान खाली ठेवून झुडपाच्या दिशेने म्हणाली, "बाई, तुम्ही तिथं आहात ते मला वासानं कळतं. आज मला कुणालाच विचारावं लागलं नाही."

टिटवीला वाटले, आता आपल्याला दुसरे बक्षीस नको.

राज्याला मात्र बक्षीस द्यायचे होते. त्या वर्षी दरबारात ठरले की वेशी सुंदर झाल्या पाहिजेत. लगेच मोहीम निघाली, लगेच तपासणी समिती नेमली गेली. धनेश अध्यक्ष, घार आणि बगळा सदस्य. धनेशाच्या चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखे शिंग असते, त्यामुळे त्याने नुसती मान हलवली तरी काहीतरी मोठे ठरल्यासारखे वाटे. समिती भर दुपारी वेशींवरून उडत जाई आणि गुण देई. चकाकीला तीस, रंगांना तीस, हालचालीला वीस, महाराजांच्या चित्रांना वीस. आत कोण कसे जाते याला गुण नव्हते. ते वरून दिसत नव्हते.

टिटवीच्या वेशीला शंभरात सात मिळाले. हे सात तरी कशाचे, ते तिला कळेना. नंतर समजले की आदल्या रात्री दव पडले होते आणि बगळ्याने ओल्या मातीची चकाकी धरली होती.

सात गुणांचे तिला काही वाटले नसते. पण मोहिमेच्या आज्ञेत शेवटची ओळ अशी होती की ज्या वेशीला चाळीस गुण नाहीत, त्या वर्गाला यंदा उतार नाही.

उतार वर्षातून एकदाच येई. एका सकाळी नदीचे पाणी गुडघ्याखाली जाई आणि ज्या मुलांचे शिकून झाले असेल ती पलीकडे मोठ्या वर्गांत जात. दुपारपर्यंत पाणी पुन्हा चढे. काठावर म्हातारा कासव बसलेला असे. ज्याच्या तोंडात उताराचे पान असेल त्यालाच तो पाण्यात पाय घालू देई आणि ते पान ज्याचे त्याने वेशीतून घ्यायचे, दुसऱ्याने आणून दिलेले चालत नसे. ज्याचा उतार चुकला त्याने पुढच्या वर्षी यावे, असे नियमात लिहिलेले होते. हत्तीच्या पिल्लाला वर्ष म्हणजे काहीच नाही. चिचुंद्रीचे सगळे आयुष्य ते केवढे! पुढच्या उतारापर्यंत बारकीच्या पदरात चार पोरे असती आणि ती आईसारखीच बीळ उकरत असती.

टिटवी धनेशाकडे गेली.

"साहेब, माझ्या वेशीत मुलांना सगळं सापडतं."

"सापडत असेल. आम्हाला कुठं दिसलं?"

"तुम्ही एकदा खाली उतरून चालत आत येऊन बघा ना."

धनेशाने बगळ्याकडे पाहिले. बगळ्याने एक पाय वर घेतला. "बाई, राज्यात चारशे वेशी आहेत," धनेश म्हणाला. "समिती चालत निघाली तर तुमची पाळी येईपर्यंत तुमच्या मुलांची मुलं शाळेत येतील. तुम्ही शिबिराला या. तिथं सगळं शिकवतात."

शिबिरात शिकवायला सुगरण पक्ष्याला बोलावले होते. त्याने आजवर एकशे अकरा घरटी विणली होती आणि त्यांपैकी एकातही कुणी राहायला आले नव्हते; त्यामुळे सगळीच अजून नव्यासारखी होती. शिबिर बाभळीच्या शेंड्यावर भरले. ज्या शिक्षकांना उडता येत नव्हते ते झाडाखाली माना वर करून उभे राहिले. त्यांत माळावरच्या शाळेचे गाढव मास्तर होते.

"वेस म्हणजे जायची-यायची जागा, हा जुना समज आधी डोक्यातून काढा," सुगरण म्हणाला. "वेस म्हणजे अनुभव!"

"काय म्हणतोय?" गाढव मास्तरांनी खालून विचारले.

"अनुभव म्हणतोय, मास्तर."

"तो माझ्याकडे पोत्यानं आहे. दार कुठं ठेवायचं ते विचारा."

टिटवीने विचारले. सुगरणाला प्रश्न आवडला नाही. "दाराचं शेवटी बघू," तो म्हणाला. "जागा उरली तर."

परतताना टिटवी आणि गाढव मास्तर या उत्तरावर पोट धरून हसले. मग मास्तर थांबले. "बाई, तुम्ही करणार का हे?"

"चाळीस गुणांपुरतं करते. उतार मिळाला की सगळं उपटून टाकीन."

"आमचे वडीलही ओझं पहिल्या वळणापर्यंतच न्यायचं म्हणून निघाले होते," गाढव मास्तर म्हणाले.

सुगरणाने झाडावर बसून आराखडा काढून दिला. एकात एक अशी सात कडी होती, भिंती टिटवीच्या दुप्पट उंच आणि घट्ट विणलेल्या. भिंतींवर अभ्रक आले. शेंड्यांवर पिंपळपानांच्या भिरभिऱ्या आल्या. प्रत्येक वळणावर महाराजांचे हसरे चित्र आले. शंभर काजवे डकवले, मात्र ते दिवसा दिसत नाहीत हे आराखड्यात धरलेले नव्हते. आत पाऊल पडताच स्वागतगीत म्हणायला बेडकांचे पथक बसवले. गाणे एकदा सुरू झाले की त्यांना थांबवता येत नसे. सगळीकडे केवडा शिंपडला. किती जण आले ते मोजायला सुतार पक्षी ठेवला. कुणी वळणावरून गेले की तो एक टोला मारी.

चाळीस गुणांपुरतेच करायचे ठरले होते, हे खरे. पण चाळिसाचे साठ होतील असे दिसू लागले तेव्हा टिटवीचा हात थांबला नाही. साठाला पोचल्यावर ऐंशी फार लांब वाटेनात. ती वरून उतरून काम करी आणि वरच निघून जाई. आपलीच वेस ती एकदाही पायांनी चालली नाही. झुडपामागे बसायला तर वेळच नव्हता. रंगीत पिसे कमी पडली तेव्हा तिने आपल्या पंखांतली उपटून लावली. पुन्हा येतील, ती म्हणाली.

समितीने ब्याण्णव गुण दिले. राज्यात पहिला नंबर. उतार मंजूर झाला आणि उताराची पाने आली. आराखड्याप्रमाणे टिटवीने ती सर्वांत आतल्या कड्यात, महाराजांच्या मोठ्या चित्राखाली लावली. वर्गाला पंधरा दिवस सुट्टी होती. पहिल्याच दिवशी सुतार पक्ष्याचा अहवाल आला: त्रेचाळीस जण येऊन गेले. टिटवीने तो दोनदा वाचला. वर्गात मुले होती सतरा. पण त्रेचाळीस हा आकडा इतका छान होता की हे तिच्या मनात आले नाही.

त्या दिवशी एकटी बारकी आली होती. संध्याकाळी ती पान न घेताच घरी गेली आणि आईला म्हणाली, "बाईंची वेस आता खूप मोठी झालीय. मलाच जमत नाहीय."

बक्षीस समारंभ उताराच्याच सकाळी, नदीकाठच्या उंच सावरीवर होता. टिटवीला आता तिथवर उडता येईना, म्हणून दोन घारींनी तिला उचलून वर नेले. धनेशाचे भाषण सुरू झाले. खाली एका बाजूला पाणी उतरलेले दिसत होते आणि दुसऱ्या बाजूला तिची वेस उन्हात झगमगत होती. वरून ती खरोखरच सुंदर दिसत होती.

टिटवी मात्र पाण्याकडे बघत होती. सशांची पोरे भिंतींवरून उड्या मारून पाने घेऊन आली होती. खार शेंड्याशेंड्यांवरून गेली होती, वानराच्या पोराने नुसता हात घातला होता. सगळी एकेक करून पलीकडे पोचली आणि अंग झाडू लागली. टिटवीने मोजले. सोळा.

काठावर कासवाने शंख फुंकला. पाणी चढू लागले की तो तीनदा शंख फुंकी आणि तिसऱ्यानंतर कुणालाच पाण्यात उतरू देत नसे. हा पहिला.

"भाषण थोडं बाजूला ठेवतो," धनेश म्हणाला, "पण ही एक गोष्ट सर्वांनी पाहावी. मधल्या कड्यात तो काळा ठिपका फिरतोय, पाहिलात? थांबतो, वळतो, पुन्हा फिरतो. तपासणीच्या दिवशीही तो असाच फिरत होता. हालचालीचे वीसपैकी वीस आम्ही त्यालाच दिले. बाई, हे तुम्ही कसं केलंत?"

टिटवीने पाहिले.

पुढचे तिने काही ऐकले नाही. तिने फांदीवरून अंग टाकले. विरळ पंखांनी तिला उडवले नाही, जेमतेम पडू दिले. ती चौथ्या कड्यात आपटली. "बारके! बारके!" राज्यातला सगळ्यात मोठा आवाज तिचा होता, पण तिचा पाय जमिनीला लागताच बेडकांनी स्वागतगीत सुरू केले आणि तो आवाज त्यात बुडाला. ती धावली. वळणावर महाराज हसत होते. ती दुसरीकडे वळली, तिथेही महाराज हसत होते. दुसरा शंख झाला.

बारकी भिंतीला नाक लावून उभी होती. नाक सोलले होते.

"बाई, तुम्ही? मला तुमचा वासच आला नाही. सगळीकडे केवडाच येतोय. पान कुठं आहे?"

टिटवी तिला जवळजवळ ओढतच आत घेऊन गेली. चित्राखालचे शेवटचे पान फार उंचावर नव्हते, टिटवीच्याच उंचीवर होते. "माझ्या पाठीवर चढ, आणि तुझं तूच घे." बारकीने चाचपडत पान तोंडात धरले.

"आता चल."

"कुठून, बाई?"

टिटवीने पंख पसरले. त्यांतून पलीकडची भिंत दिसत होती. तिने पायाने भिंत उकरून पाहिली, चोचीने ओढून पाहिली. वीण सुगरणाची होती, एक काडी हलली नाही. मग बारकीला पाठीशी घेऊन ती उजवीकडे धावली. महाराज. डावीकडे. महाराज. पुन्हा उजवीकडे. बेडकांनी दुसरे कडवे घेतले आणि त्या कडव्याच्या मधूनच, लांबून, तिसऱ्या शंखाचा आवाज आला.

त्याबरोबर सावरीवर शेकडो पंख एकदम फडफडले. धनेशाचा वजनदार आवाज खालपर्यंत स्पष्ट ऐकू आला.

"वा! आता दोन झाले! बगळेराव, लिहून घ्या. पुढच्या वर्षी प्रत्येक वेशीत दोन-दोन हवेत."