दुर्गी हत्तिणीच्या दोन डब्या

जनावरं जनावरांना मलमं विकायची, त्या काळची गोष्ट. दुर्गी हत्तिणीच्या तळपायांना भेगा पडल्या. अस्वलबाईच्या दुकानातून आणलेलं केशराचं मलम तिनं पुढच्या पायांना लावलं, गुलाबाचं मागच्या. चारही पाय सारखेच बरे झाले आणि दुर्गी चक्रावली. दोन्ही डब्या सोंडेनं हुंगून पाहिल्या, तरी काही उमजेना.

“अस्वलबाई, गुण आला तो केशराचा की गुलाबाचा?”

अस्वलबाईनं तिला मागे चुलीपाशी नेलं. कढईत कोकमाचं तेल नि मेण वितळत होतं. तेच तिनं दोन डब्यांत ओतलं. मग एकीत केशराची काडी टाकली, दुसरीत गुलाबाची पाकळी.

“अहो, मग नुसतं हेच का नाही विकत?”

“गेल्या थंडीत तेच दिलं होतं की! वास येत नाही म्हणून तुम्हीच परत आणून दिलंत.”

दुर्गीनं सोंड हळूच पायांमागे लपवली.