बारीक रेघ

"मास्तर, बारीक रेघ जरा जाड केली, तर असं काय आभाळ कोसळणार आहे?"

ऋजुता मांगले फणकाऱ्यानं विचारत होती. पुस्तकांसाठी नवी अक्षरं काढण्यात तिनं तीन वर्षं घातली होती. उभी रेघ ठसठशीत, वळणावरची केसासारखी. पोरगी हुशार. आपण हुशार आहोत हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, एवढंच.

मिरजेचे दस्तगीर मास्तर चाळीस वर्षं छापखान्यांसाठी अक्षरांचे ठसे कोरत आलेले. दर खेपेला ती कागद दाखवायची. मास्तर एकच म्हणायचे, "रेघ अजून बारीक नाही झाली." ती चिडून आणखी बारीक करायची.

आणि आता प्रकाशक म्हणत होते, आमच्या कागदावर ही रेघ तुटते. जाड करा, नाहीतर आम्ही दुसरी अक्षरं घेतो. वीस पुस्तकांचं काम हातचं जाणार होतं. तिनं रेघ जाड करून आणलीसुद्धा होती. जुना आणि नवा, दोन्ही कागद तिनं मास्तरांपुढे टाकले.

मास्तरांनी ढुंकूनही पाहिलं नाही. फळीवरून भूगोलाचं एक जुनं शाळेचं पुस्तक काढलं.

"माझी अक्षरं. वाच की एक पान."

तिनं घडाघडा वाचलं.

"कुठं अडलीस?"

"मी? कुठंच नाही."

मास्तरांनी भिंग पुढे केलं.

ती वाकली... पानभर बारीक रेघा तुटलेल्या.

"अहो, ही तर सगळी तुटलीत!"

"व्हय. पहिल्या छापखान्याच्या मालकानं मलाबी जाड करायला सांगितलेलं."

"मग?"

"मग काय? ठसे पिशवीत घातले, घरी आलो. वर्षभर सायकली दुरुस्त केल्या. हे पुस्तक दुसऱ्यानं छापलं."

ऋजुतानं भिंग खाली ठेवलं.

मग तिनं जाड रेघेचा आपला कागद उचलला आणि वाचू लागली. दुसऱ्याच ओळीत अडखळली. अक्षरांची पोटं भरून काळी झाली होती, सगळ्यांची तोंडं एकसारखी सुजलेली.

"शी! हे मी केलं?"



तिनं तिथंच फोन लावला.

"रेघ जाड होणार नाही... हो, ऐकलं मी... तुटू दे! नाही म्हणजे नाही. तुम्ही खुशाल दुसरी अक्षरं घ्या."

पलीकडून फोन बंद झाला.

"गेली वीसच्या वीस," ती म्हणाली. डोळे भरले होते, पण मान ताठ होती. "जाऊ देत. मी नाही करणार."

मास्तरांनी आता तिचा जुना कागद उचलला. तोच, ज्यावर तिनं एक टिंबही बदललं नव्हतं. दारातल्या उन्हात धरला, बराच वेळ पाहिला...

"हं. आता झाली बारीक."