एकवर धरलेले हात

“...म्हणजे सर, मला यातलं नेमकं काय येत नाही, तेवढंच सांगा ना!”

सिरिल तुस्कानो सर खुर्चीत बसून सुकेळं, म्हणजे वाळवलेलं केळं, चघळत होते. वसईत राहून जो सुकेळं घाईघाईने खातो त्याला खाण्यातलं काही कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे उत्तर यायला वेळ लागला.

“येतं की सगळं,” ते म्हणाले.

“मग शाळेत शिकवायला जाऊ?”

सरांनी सुकेळ्याचा आणखी एक तुकडा तोडला.

इरावती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. ओढणी कमरेला बांधून, घामाघूम होऊन ती त्यांच्यासमोर उभी होती आणि उत्तरासाठी तिचा जीव वरखाली होत होता.

सर तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ नाचायचे. पुढे हॉटेलांतले बँड गेले, सरांचा एक गुडघा गेला, पण नाच काही गेला नाही. ते गावी परतले आणि चर्चमागच्या हॉलमध्ये शिकवू लागले. त्यांच्याकडे एक रीत होती. शिष्य शिकवायला निघाला की त्याने आधी सरांसमोर एक तास घ्यायचा. सर ‘जा’ म्हणाले तर जायचं, नाहीतर पुन्हा रांगेत उभं राहायचं.

इरावती मूळची कथकवाली. लहानपणापासून घुंगरू बांधलेले, विशारद झालेली, आणि मग हौसेने सरांकडे जॅझ शिकायला आलेली. विरारच्या एका शाळेने तिला सोमवारपासून बोलावलं होतं. हे काम तिला मनापासून हवं होतं. सर ‘जा’ म्हणाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हेही तिने मनाशी पक्कं केलं होतं.

सर ‘जा’ म्हणणारच नाहीत, हे मात्र तिच्या स्वप्नातही नव्हतं. अलीकडे तिला जराशी शिंगं फुटली होती. तिच्या आईला सोडून ती शिंगं सगळ्यांना दिसत होती.

“तास चांगला झाला ना, सर?”

“झाला.”

“सगळ्या एकसारख्या नाचल्या.”

“नाचल्या.”

“कुणाचं कोपर इकडचं तिकडे झालं नाही!”

“नाही झालं बाय...” सर म्हणाले आणि त्यांनी एवढा मोठा उसासा टाकला की पाणी पिणाऱ्या बायका वळून बघू लागल्या.

त्या बायका म्हणजे सरांचा संध्याकाळचा वर्ग. कुणी बँकेतली, कुणी शिक्षिका, आणि एक तर दातांची डॉक्टर, रोझलिन परेरा. दिवसभर दुसऱ्यांना ‘आ करा’ सांगणाऱ्या या बाईला इरावतीने तासभर ‘खांदा खाली घ्या’ म्हणून पुरतं हैराण केलं होतं.

सरांनी सुकेळ्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला.

“तास अजून संपला नाही. पुन्हा नाचव त्यांना.”

“नाचवते.”

“तू नाचायचं नाही. मोजायचंही नाही. नुसती टाळी द्यायची.”

एवढंच? इरावतीला हसू आलं. जन्मभर तालाबरोबर राहिलेल्या मुलीला टाळी द्यायला सांगत होते!

सरांनी तबकडी लावली. आधी खर्जातला बेस आला, मग ड्रम, मग एक लाडावलेला ट्रम्पेट.

इरावतीने टाळी दिली. एकवर. खणखणीत.

आता, जॅझच्या चार मात्रांत टाळी पडते दोनवर आणि चारवर. हे सरांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि स्वतः नाचताना ती ते सांभाळायचीही. पण आज शिकवायला उभी राहिली, आणि हाताने आपलं जुनं घर गाठलं. कथकमध्ये सगळं धावत येतं ते समेवर, पहिल्या मात्रेवर. तिथे टाळी पडली की जिवाला थंड वाटतं. तिचे हात तेच करत होते आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

बायका नाचू लागल्या. एक... एक... एक... दर टाळीला सगळ्यांचे पाय एकदम आपटत होते. प्रजासत्ताक दिनाचं संचलन चाललंय असं कुणालाही वाटलं असतं.

“बघा सर!” इरावती ओरडली. “एक पाय चुकत नाही!”

सर उठले. गुडघ्याला दोन शिव्या घातल्या आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

पुढची एक आली... आणि सरांनी तिचे दोन्ही हात पकडले.

टाळी पडलीच नाही.

दोन आली, तेव्हा सोडले. अडकलेले हात सुटले ते फट्‌कन एकमेकांवर आपटले. तीन आली, पुन्हा पकडले. चारला सोडले. एकला परत पकडले.

“सर, काय करताय?”

“काही नाही.”

“हात सोडा ना... सम जातेय माझी!”

“कुठं जातेय?”

“निघून जातेय, सर!”

“जाऊ दे. बघू तरी कुठं जाते.”

बायका खुदुखुदू हसायला लागल्या. इरावतीला भयंकर राग आला. वर्गासमोर, इतक्या सगळ्या बायकांसमोर, लहान मुलीसारखे हात धरायचे? तिने हिसका दिला. म्हाताऱ्याची पकड घट्ट होती. तिने घाई करून एकच्या आधीच टाळी चोरायला पाहिली. सर तिच्याही आधी तिथे हजर!

एक... धरले. दोन... सुटले.

एक... धरले. दोन... सुटले.

मग ती भांडायची थांबली. थकली म्हणा.

आणि एकवर, हात सरांच्या हातांत असताना, तिचे गुडघे आपोआप वाकले. जरासेच. कंबर खाली आली आणि अंगाचं सगळं वजन जमिनीत उतरलं. दोनवर टाळी सुटली ती फुलासारखी हलकी.

तिने चमकून खाली पाहिलं.

“सापडली?” सरांनी विचारलं.

“गुडघ्यात आहे, सर!”

“गेली नव्हती तर!”

“नाही... खाली गेली होती!” आणि ती इतकी मोठ्याने हसली की तिचा राग कुठे गेला ते तिलाही कळलं नाही.

“अहो, मग हे तोंडाने सांगायचं होतं ना मला!”

“सांगितलं होतं. तू लिहून घेतलंस.”

सरांनी तिचे हात सोडून दिले. टाळी आता दोनवर आणि चारवर पडू लागली आणि हॉलची हवाच पालटली. पाय आपटायचे थांबले. बँकेतल्या बाईंची कंबर तिच्या मर्जीने डुलू लागली. शिक्षिकेची कोपरं चारी दिशांना गेली. आणि डॉक्टर रोझलिनचा खांदा... तो तर सरळसरळ मागे राहिला. जिना उतरताना कुणीतरी नाव घेऊन हाक मारावी आणि माणसाने सावकाश वळून पाहावं, तसा तो वळत होता.

इरावतीचं बोट सवयीने वर गेलं. “डॉक्टर, खांदा...”

तिथेच तिची जीभ थांबली.

खांदा उशिरा येत होता, हे खरं. पण येत होता तो नेमका जिथे यायला हवा तिथेच. त्या उशिरामुळे सगळी ओळ झोकात दिसत होती. तासभर आपण हा खांदा हाकलत होतो, हे मनात येऊन तिला लाज वाटली. तरी लाजेपेक्षा मौज जास्त वाटत होती.

“चुकलं का गं पुन्हा?” डॉक्टरने घाबरत विचारलं.

“नाही हो. परत करा... मला दाखवा.”

“तुला?”

“मला.”

डॉक्टरने दाखवलं. इरावतीने करून पाहिलं, जमलं नाही. पुन्हा केलं, तेही नाही. तिसऱ्या वेळी तिचा खांदा लवकर आला आणि मान कुठेतरी भलतीकडेच गेली. सगळ्या बायका पोट धरून हसल्या. डॉक्टरने तर तासाभराचं सगळं उट्टं काढलं.

“खांदा खाली घ्या, मॅडम!”

इरावतीने पुन्हा केलं. या खेपेला डॉक्टरसारखं काही झालंच नाही. खांदा मागे राहिला, आणि त्या राहिलेल्या जागेत तिचं मनगट अलगद फिरलं. गोल, नाजूक, बोटांच्या टोकांपर्यंत. ती दचकली आणि तिने हात पाठीमागे लपवला.

“थांबलीस का?” सर म्हणाले.

“सर, हे तर कथकचं आलं!”

“मनगट कुणाचं होतं?”

“माझंच...”

“मग लपवतेस कशाला?”

तिने हळूच हात पुढे घेतला. ट्रम्पेट जणू तिचीच वाट बघत होता. तिने मनगट फिरवलं, आणि कोपऱ्यातून बँकेतल्या बाईंनी उत्तरादाखल कंबर फिरवली. डॉक्टरने खांद्याने होकार दिला. मग कुणी कुणाला शिकवतंय याचा काही धरबंध उरला नाही. सरसुद्धा नाचले. गुडघा ‘नाही’ म्हणाला, तर ते भुवयांनी नाचले. भुवया टाळीच्या किंचित मागे उचलल्या जात होत्या. तेवढ्या दोन भुवया बघायला इरावती विरारहून चालतसुद्धा आली असती.

तबकडी संपली. सुई खरखरत राहिली. कुणालाच ती उचलायची आठवण नव्हती.

इरावती फरशीवर फतकल मारून बसली. आयुष्यात इतकं चुकून तिला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

“सर...”

“हं.”

“जॅझ म्हणजे काय, ते शाळेतली मुलं विचारतील. काय सांगू?”

सरांनी खिशातून आणखी एक सुकेळं काढलं, अर्धं तिला दिलं. ती घाईने खाऊ लागली, मग सरांकडे बघून सावकाश चघळू लागली.



बायका चपला घालून निघाल्या. डॉक्टर दारातून खांदा उडवून गेली. इरावतीने घास गिळला आणि मान वर करून सरांकडे पाहिलं. आता तिच्या आवाजात मघाचा तोरा नव्हता. ‘नाही’ म्हणाले तर पुन्हा रांगेत उभं राहायचीही तिची तयारी होती, आणि त्याचं तिला मुळीच वाईट वाटत नव्हतं.

“सर, सोमवारी जाऊ?”

सर हसले.

“जा, बाय. पण तालापर्यंत पोरांना तुझ्याआधी पोहोचू दे.”