अनुव्रतेचे पहिले पान

पूर्वी कृतयुगात, जेव्हा मेघ मागितल्या वेळी वर्षत आणि वृक्ष ऋतूची वाट न पाहता फळत, तेव्हा पयोष्णी नदीच्या उत्तर तीरावर ऋतंभर नावाच्या महातपस्वी ऋषींचा आश्रम होता. कदंब आणि आम्रवृक्षांच्या छायेत तेथे शंभर शिष्य वेदपठण करीत, होमधूमाने आकाश सुगंधित होई आणि दारी आलेला अतिथी कधी विन्मुख जात नसे. हे सारे वैभव जिच्या दोन हातांवर उभे होते, ती ऋषिपत्नी अनुव्रता.

आश्रमाचा नेम कडक होता. आधी अग्नी, मग अतिथी, मग पती, मग शिष्य, मग गाई, आणि सर्वांनंतर अनुव्रता. तिची पाळी येई तोवर पातेल्याच्या तळाशी खरवड तेवढी उरलेली असे. ती खाऊन, वर पाणी पिऊन ती पुन्हा चुलीकडे वळे.

ऋतंभरांच्या तपाने प्रसन्न होऊन ब्रह्मदेवाने, "तुझ्या घरी तेजस्वी संतान जन्मेल," असा वर दिला होता. त्याला आता अकरा वर्षे लोटली होती. प्रत्येक मासी अनुव्रता आशेने दिवस मोजी, प्रत्येक मासी तिची निराशा होई, आणि प्रत्येक निराशेनंतर ती एक नवे व्रत धरी. प्रथम तिने तूप सोडले, मग दूध, मग फळे. चंद्रकलेबरोबर ती आपले घास घटवी. पण वाढत्या चंद्राबरोबर ते वाढवायचे असतात हे मात्र कामाच्या रगाड्यात विसरून जाई. हळूहळू तिचा ऋतूही ऋतूप्रमाणे येईनासा झाला. हे तिने कोणाला सांगितले नाही. सांगणार तरी कोणाला?

एके दिवशी ऋतंभर म्हणाले, "अनुव्रते, विधात्याचे वचन आपल्या दारी खोटे ठरले. येत्या कार्तिकी पौर्णिमेला मी गृहाग्नी विसर्जित करून हिमालयात जाईन. तू आपल्या पित्याकडे जावेस."

तिने मान खाली घालून ऐकले. आता सोडण्यासारखे तिच्याजवळ मीठच उरले होते. दुसऱ्या दिवशी तिने मीठ सोडले.

पौर्णिमेला आठ दिवस असताना, माध्यान्हीच्या सुमारास दोन वैद्य आश्रमात आले. दोघे जुळे बंधू. मुखावर एकच कांती, खांद्यावर वनौषधींच्या झोळ्या. अनुव्रतेने पाने मांडली. साळीचा शुभ्र भात, मुगाचे वरण, माठाची भाजी वाढली. तूप वाढण्यास ती वाकली, तोच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पळी हातून निसटली.

थोरल्या वैद्याने तिला आधार देऊन बसवले, नाडी पाहिली आणि विचारले, "मुली, काल तू काय जेवलीस?"

"तिचे व्रत असते," ऋतंभर म्हणाले.

"मुनिवर, मी तिला विचारतो आहे."

अनुव्रतेने बोटांवर दिवस मोजले. "काल व्रत होते. परवा अतिथी फार आले. त्याच्या आधीचे... आठवत नाही, महाराज."

दोघा बंधूंनी पानावरचे हात मागे घेतले. "हिचे पान वाढल्यावाचून आम्ही घास घेणार नाही."

ऋतंभरांचे नेत्र आरक्त झाले. "अतिथींच्या आधी गृहिणीने जेवावे? माझ्याच अंगणात बसून माझा धर्म मोडू पाहता?" असे गर्जून त्यांनी शापोदक तळहातावर घेतले. शिष्यांचे पठण थांबले. तेव्हा अनुव्रता कशीबशी उठली आणि मध्ये उभी राहिली.

"नाथ, अतिथींना शाप देऊ नका. मला खरेच भूक लागली आहे."

हे शब्द ऋतंभरांनी उभ्या संसारात तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. त्यांच्या बोटांमधून ते जल मातीत गळून गेले.

त्याच क्षणी वैद्यांचे मानवी रूप लोपले आणि अंगणात साक्षात अश्विनीकुमार प्रकटले. थोरले म्हणाले, "ऋतंभरा, आम्ही देव असूनही, वैद्य म्हणून एकेकाळी सोमपानाच्या पंक्तीबाहेर उभे होतो. इतरांचे भरले पात्र पाहत उभे राहणे काय असते, ते आम्ही जाणतो. विधात्याचा वर खोटा नव्हे. तो येईल कोठे? हिला तुम्ही उपाशी ठेवलेत, आणि तपाच्या मासांत केवळ वायुभक्षण करून तूही आपला देह वाळवलास. बीज एकट्या भूमीचे नसते!"

"मग उपाय सांगा, देवहो," ऋषी हात जोडून म्हणाले.

"सोपा आहे. जे करता करता ती थकेल, ते तिच्या अंगी लागणार नाही. सकाळी भिजवलेले अंजीर आणि खारका. मोड आलेले मूग वाफवून, वर लिंबू पिळून. मधल्या वेळी तिळगुळाचा लाडू, नाहीतर सातूचे पीठ दुधात कालवून. जेवणात पालेभाजी, वरण, तूप. आणि सायंकाळी शतावरी घालून उकळलेले दूध. तूही तेच खा."

"हे करील कोण?"

"तू," धाकटे हसून म्हणाले.

महर्षी पाकशाळेत गेले. चारही वेद मुखोद्गत असलेल्या त्या पुरुषाला मीठ कोठे असते, ते ठाऊक नव्हते! शेवटी अनुव्रतेनेच बोटाने मडके दाखवले. त्यांनी तिचे पान मांडले, भात वाढला. शंभर शिष्यांसमोर तिने पहिला घास उचलला आणि पुन्हा पानात ठेवला. डोळे भरून आले. ऋतंभर खाली बसून म्हणाले, "सावकाश जेव. कोणी खोळंबलेले नाही."

निघताना अश्विनीकुमारांनी तिला वर मागण्यास सांगितले. ती म्हणाली, "देवहो, संतान तर विधाता देईलच. मला भूक लागली, हे म्हणायला कोणा स्त्रीला माझ्याइतकी वर्षे लागू नयेत."

"तथास्तु," ते म्हणाले. "ज्या घरी स्त्रीच्या वाट्याला खरवड उरेल, त्या घरच्या हविर्भागाला आम्ही शिवणार नाही."

कार्तिकी पौर्णिमा आली, तेव्हा ऋतंभर शतावरीचे दूध ढवळत होते. अग्नी विसर्जित झाला नाही. पुढल्या कार्तिकात अनुव्रतेचा ऋतू नियमित होता, गाल भरले होते. त्यानंतरच्या वसंतात तिला दिवस गेले आणि पौषात तेजस्वी कन्या झाली.

म्हणतात की तेव्हापासून तिच्या वंशात पंक्तीला पाने मांडली, अतिथी येऊन बसले, तरी यजमान आधी आत जातो आणि घरातल्या बायकांना विचारतो, "जेवलात का?" त्यांनी 'हो' म्हटल्यावरच तो बाहेर येतो आणि अतिथींना म्हणतो, "आता सावकाश होऊ द्या."